बाटल्यांचा काला

आमच्या दवाखान्याची रौप्यमहोत्सवी स्मरणिका परवा हातात पडली. गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो. त्यात संशोधनातल्या सहकार्यावर एक लेख आहे. मुंबईचे रसायनशास्त्रज्ञ आहेत, आमचे डॉक्टर आहेत, सूक्ष्मदर्शक आहे, एवढंच कशाला, दवाखान्याची जुनी जीपसुद्धा आहे. वच्छलाबाईचं नाव नाही. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. नाही म्हणजे नाहीच. माझं डोकं असं सणकलं की काही विचारू नका. अरे, जीपचा फोटो छापता आणि तिच्यात बसून गावं पालथी घालणारी बाई विसरता? शरम वाटायला पाहिजे.

म्हणून हे लिहून राहिलो. मी मार्तंड. राहतो नागपूरच्या महाल भागात, आणि धंतोलीतल्या त्या दवाखान्यात चोवीस वर्षं रक्त तपासलं. लेखक वगैरे नाही. स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीत माझ्या तापटपणानं एक घोळ केला आहे आणि तो मी लपवणार नाही.

१९७३ ची दिवाळी नुकतीच झाली होती. छिंदवाड्याच्या छोट्या गाडीनं इतवारीला उतरून, तिथून पायी, पाठीवर आठ वर्षांची पोर बांधून एक बाई आमच्याकडे आली. पोरीचं नाव गोपिका. हातापायांचे सांधे सुजलेले. ती रडत होती, पण आवाज नव्हता. ओरडून ओरडून घसाच बसला होता. बाई म्हणजे वच्छलाबाई. तिशीतली, चौथी पास. नवरा शालिकराम सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत, घरचं थोडं कापसाचं वावर. थोरला मुलगा पाचव्या वर्षी याच दुखण्यात गेलेला. गावात अशी आणखीही मुलं होती. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथे या दुखण्याला नाव नव्हतं, "पोराचे हाडं फुटून राहिले" एवढंच लोक म्हणायचे.

मी गोपिकाचं बोट टोचून रक्त घेतलं आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गोल पेशींमध्ये वाकड्या, टोकदार पेशी दिसल्या. वच्छलाबाई माझ्या पाठीमागेच उभी होती.

"मले पाहू द्या," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मी नाही म्हणणार, तोवर तिनं स्टूल ओढून डोळा लावलासुद्धा. बराच वेळ पाहत राहिली.

"हे तं इळे होय ना गा भाऊ. माह्या पोरीच्या रक्तात इळे काहून?"

मी सांगितलं, की या विळ्यांसारख्या पेशींच्या दुखण्याला सिकलसेल म्हणतात, आणि हा दोष अर्धा आईकडून येतो, अर्धा बापाकडून. त्या दोघांना काही होत नाही, भोगतं ते लेकरू. स्टुलावरून उठली आणि पोरीच्या पायाशी जाऊन बसली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, जरा सांभाळून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आमचे डॉक्टर मधुसूदन. सगळे त्यांना मधूडॉक्टर म्हणायचे. माणूस सोन्यासारखा, पण मितभाषी. त्यांनी नेहमीचं सांगितलं: पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, दुखायला लागलं की इथे घेऊन या. याच्यावर औषध अजून निघालेलं नाही.

"मंग तुमी इतके शिकून काय करून राहिले?" वच्छलाबाईनं विचारलं.

मी भडकलोच. "ओ बाई! कोणाशी बोलून राहिल्या तुम्ही?" मधूडॉक्टरांनी हातानं मला थांबवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाण्याआधी त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं. स्मरणिकेत लिहिलं आहे की डॉक्टरांना 'प्रेरणा झाली'. प्रेरणा कसली डोंबलाची! एका बाईनं तोंडावर विचारलं आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं, एवढीच खरी गोष्ट.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी एक द्रव्य तयार केलं होतं, आणि काचेच्या नळीत ते टाकलं की पेशी वाकत नाहीत, असं त्यांना दिसलं होतं. पण नळीत जमलं ते माणसात जमेलच असं थोडंच आहे? त्यांच्याकडे औषध होतं, रोगी नव्हते. मधूडॉक्टरांकडे रोगी होते, औषध नव्हतं. माझ्याकडे रक्त तपासायची सोय होती. दीड वर्ष नुसती पत्रं चालली. माझ्याकडून मुंबईला रक्ताचे नमुने बर्फात गेले, अर्धे वाटेतच खराब झाले, मी रेल्वे पार्सलवाल्याशी भांडलो. शेवटी १९७५ च्या आषाढात गोळ्यांची पहिली पेटी आली. फिक्या पिवळ्या, छोट्या गोळ्या.

वच्छलाबाईचं गाव आणि आजूबाजूचे टोले, म्हणजे वस्त्या, धरून बावीस मुलं निघाली. गोपिका त्यातलीच. प्रत्येक मुलाच्या बाटलीवर नंबर. अकरा बाटल्यांत खरं औषध आणि अकरा बाटल्यांत तशाच रंगाची, तशाच चवीची खाली गोळी, जिच्यात औषध नाही. कोणत्या नंबरात काय, ती यादी मुंबईला कुलपात. डॉक्टरांनाही माहीत नाही, मलाही नाही. कारण माहीत झालं की डॉक्टरचे डोळे आणि आईचं मन, दोन्ही खोटं बोलायला लागतात. वर्षानंतर दोन्ही गटांचे दुखण्याचे दिवस मोजायचे. खऱ्या गोळीच्या मुलांना कमी भरले, तर औषध खरं. मग ते सगळ्यांना मिळणार. ही पद्धत मला तेव्हाही पटली होती, आजही पटते.

गावातलं काम वच्छलाबाईकडे दिलं. महिन्यातून एका रविवारी मी बाटल्या घेऊन जायचो, ती सगळ्या आयांना ओट्यावर बोलवायची आणि नंबर पाहून बाटल्या द्यायची. दुखण्याच्या दिवसांवर फुली मारायला आम्ही छापील कार्डं नेली होती. पहिल्याच महिन्यात त्यांचा पार बोऱ्या वाजला. एकीनं सगळ्याच चौकटींत फुल्या मारल्या, कागद कोरा राहिला तर बरा दिसत नाही म्हणून. दुसरीनं एकही मारली नाही, डॉक्टरसाहेबांना वाईट वाटेल म्हणून. मी डोक्याला हात लावून बसलो.

"ह्या कागदाचं सोडा भाऊ," वच्छलाबाई म्हणाली. "लेकरू दुखण्यानं निजलं त्या दिवशी मायनं तुरीचा एक दाना बाटलीत टाकावा. दुसरं काई नोको. दाना टाकाले कोन्हाले शिकवा लागत नाई."

आणि ते चाललं. महिन्याच्या शेवटी मी नंबरवार दाणे मोजायचो आणि आकडे मुंबईला जायचे. मुंबईच्या साहेबांनी पत्रातून कौतुक केलं, पण मधूडॉक्टरांचं. डॉक्टरांनी मात्र ते पत्र मला दाखवून म्हटलं, "हे वच्छलाबाईंना वाचून दाखवा हो." मी विसरलो.

आता माझा घोळ. दुसऱ्या महिन्यात मी गेलो तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं. "भाऊ, एक इचारू का? सगळ्याइच्या बाटलीत एकच दवा हाय का?"

मी काय सांगायला पाहिजे होतं? बाई, अर्ध्या बाटल्या खाली आहेत, आणि त्या तशा का आहेत ते ऐका. दहा मिनिटांचं काम होतं. सूक्ष्मदर्शकात स्वतःहून डोळा लावणाऱ्या बाईला ते समजलं नसतं का? पण त्या दिवशी ऊन डोक्यावर होतं, जीपचं एक चाक पंक्चर झालं होतं, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिकलेले लोक हे गावच्या बायांना सांगायची गोष्ट समजतच नव्हतो. मी खेकसलो. "तुम्हाला काय करायचं त्याच्याशी? नंबर पाहून बाटली द्यायची आणि दाणे पाहायचे. जास्त शहाणपण नको."

"बरं गा भाऊ," ती म्हणाली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

ते वर्ष गोपिकाचं होतं. त्याआधी दर हिवाळ्यात तिला तीन-चारदा पाठीवर बांधून आणावं लागायचं. त्या हिवाळ्यात एकदाही नाही. मी जायचो तेव्हा ती अंगणात पोरींबरोबर फुगडी घालताना दिसायची. दुखण्यानं पिवळे पडलेले डोळे निवळले होते. शाळेत नाव होतं, पण कधी धड गेली नव्हती. त्या वर्षी रोज गेली आणि तिसरीत पास झाली. एकदा मला म्हणाली, "काका, माह्या बोटातलं रक्त पाहा बरं आता, इळे गेले का?" मी म्हटलं, गेले नाहीत, पण झोपले आहेत. ती खूष झाली. वच्छलाबाई हसताना मी त्याच वर्षी पाहिली. पुढचे दातच नव्हते तिला, हे मला तेव्हा कळलं.

वर्ष संपलं. मुंबईहून पत्र आलं. मधूडॉक्टरांनी ते वाचून माझ्यासमोर ठेवलं. खऱ्या गोळीच्या मुलांचे दुखण्याचे दिवस आणि खाली गोळीच्या मुलांचे दिवस, दोन्ही जवळजवळ सारखे. दोन्हीकडे पूर्वीपेक्षा थोडे कमी, पण सारखे. म्हणजे गोळीचा काही गुण नाही. मुलांकडे वर्षभर लक्ष दिलं, त्याचाच हा फरक. औषध बनवणं थांबवत आहोत, उरलेल्या बाटल्या परत पाठवा.

मी गावात गेलो तो बाटल्या गोळा करायला. वच्छलाबाईला सांगितलं, गोळ्या बंद.

"बंद? काहून बंद? अवं माय, माही पोरगी पाहा ना! सहा महिने झाले, खाटेले पाठ लावली नाई तिनं!"

"बाई, गोपिकाचं खरं आहे. पण अकरा मुलांना खरं औषध होतं आणि अकरांना खाली गोळी होती. दोघांचे दाणे सारखे निघाले."

"खाली गोळी?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. वर्षभरानं. तिनं हातातली बाटली ओट्यावर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, आमी तं काला करत होतो."

काला म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरातून कोणी दही, कोणी लाह्या, कोणी पेरू, कोणी नुसतं मीठ-मिरची आणतं. सगळं एका परातीत कालवायचं आणि मूठमूठ वाटायचं. ज्याच्या घरी दही नव्हतं त्यालाही दही मिळतं. झालं असं, की पहिल्या दोन महिन्यांत गावातल्याच प्रयागबाईचा नातू एकदम हिंडाफिरायला लागला आणि शेजारच्या घरचा पोरगा तसाच विव्हळत राहिला. बायांना डोळे नव्हते का? त्यांनी ओळखलं, की बाटल्यांत फरक आहे. वच्छलाबाईनं मला विचारलं, मी खेकसलो. मग काल्याच्या दिवशी प्रयागबाईनंच स्वतःची बाटली परातीत ओतली. तिच्या नातवाला गुण येत होता बरं का, तिनं! म्हणाली, "माह्या घरी उजेड आन् तुह्या घरी अंधार, असं गोड नाई लागत वं." बावीस बाटल्या परातीत रिकाम्या झाल्या. वच्छलाबाईनं हातानं कालवल्या आणि मोजून पुन्हा भरल्या. मग दर महिन्याला मी जीप वळवून गेलो, की परात निघायची.

म्हणजे बावीसही मुलं अर्धं औषध आणि अर्धी खाली गोळी खात होती. दोन्ही गटांचे दाणे सारखे निघणारच! आणि सगळेच थोडे कमी झाले, म्हणजे अर्ध्या औषधानंसुद्धा काम केलं होतं. औषध खरं होतं. आणि आम्ही ते खोटं ठरवलं होतं.

मला इतका राग आला, की कोणावर काढावा तेच कळेना. बायांवर काढायचा, तर त्यांनी काय चोरी केली होती? एकमेकींच्या लेकरांना आपल्या ताटातलं दिलं. मी जीपच्या बॉनेटवर मूठ आपटली आणि हात सुजवून घेतला.

वच्छलाबाईनं शालिकरामला विचारलं नाही, बायांना विचारलं नाही. तशीच जीपमध्ये बसली. सगळ्या वाटेनं एकच बोलत होती: "मी सांगतो डॉक्टरले. मी सांगतो. माह्याच हातानं कालवलं मी. मले काय शिक्षा करायची ते करा, पन गोळी बंद नोको करा." मधूडॉक्टरांसमोर उभी राहून तिनं सगळं सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही, प्रयागबाईचंसुद्धा नाही. सगळं स्वतःवर घेतलं.

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. मग म्हणाले, "चूक तुमची नाही. तुम्हाला सांगायचं काम आमचं होतं."

त्यांनी मुंबईला सविस्तर लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. मग रजा टाकून स्वतः गेले. आले ते मान खाली घालून. रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसला होता. पण त्यांच्या वर समिती होती, आणि समितीचं म्हणणं असं, की ज्या गावानं एकदा नियम मोडला त्या गावाच्या शब्दावर आता काय भरवसा ठेवायचा? अर्ध्या गोळीनं गुण आला असं तुम्ही म्हणता, पण ते सिद्ध कुठे झालं? नवी परीक्षा घ्यायची तर नवी मंजुरी, नवी गोळ्यांची खेप, दोन वर्षं तरी लागतील. आणि ते शास्त्रज्ञ आता दुसऱ्या कामावर लावले होते. कोणी दुष्ट नव्हतं हो त्यात. दुष्ट कोणी असता तर मी त्याला चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

गावात बातमी पसरली, की वच्छलानं जाऊन सांगितलं म्हणून गोळ्या बंद झाल्या. उलटंच, पण गावाला कोण समजावणार? काही बाया तिच्या ओट्यावर यायच्या बंद झाल्या. प्रयागबाई तेवढी येत राहिली.

हिवाळा आला. मार्गशीर्षात गोपिकाचे पाय सुजले. वच्छलाबाईनं पुन्हा तिला पाठीवर बांधलं. आता ती अकरा वर्षांची होती, अंगानं वाढली होती. बाईची कंबर वाकत होती. एकदा बरी होऊन गेली. पौषात पुन्हा आली. या वेळी छातीत दुखत होतं, श्वास वर लागत होता. आम्ही सलाईन लावलं, रक्त चढवलं, प्राणवायू लावला. शालिकराम खाणीतून तसाच काळ्या हातांनी आला आणि दाराशी उभा राहिला. गोपिकानं मला पाहिलं आणि विचारलं, "काका, गोळी आनली?"

मी म्हटलं, "येणार आहे, बेटा." खोटं बोललो. दुपारी दोन वाजता ती गेली.

त्यानंतर मी दोन दिवस कामावर गेलो नाही. घरी बायकोनं विचारलं काय झालं, तर तिच्यावरच ओरडलो. मग स्वयंपाकघरात जाऊन रडलो. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

फाल्गुनात मुंबईहून कागदांचा गठ्ठा आला, फाइल बंद करायला म्हणून. त्यात ती यादी होती, कोणत्या नंबरात काय. मी आधी गोपिकाचा नंबर शोधला. तो खाली गोळीच्या रकान्यात होता. मी पुन्हा पाहिलं. खाली गोळी.

समजलं ना तुम्हाला? बायांनी आमचं ऐकलं असतं, तर गोपिकाला वर्षभर औषधाचा कणही मिळाला नसता. ती विव्हळत राहिली असती, खऱ्या गोळीची अकरा मुलं हिंडली-फिरली असती, औषध खरं ठरलं असतं आणि कदाचित पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिला मिळालं असतं. काला केला, म्हणून तिला एक वर्ष मिळालं. आणि काला केला, म्हणूनच पुढचं मिळालं नाही. हे गणित मी आजवर सोडवतो आहे. सुटत नाही.

सांगावं की सांगू नये? आठ दिवस ती यादी मी खिशात घेऊन फिरलो. पण एकदा न सांगितल्याचं फळ मी पाहिलं होतं. छोट्या गाडीनं गेलो, यादी तिच्यापुढे ठेवली आणि गोपिकाच्या नंबरावर बोट ठेवलं. ती चौथी पास होती, तिनं स्वतः वाचलं.

"म्हंजे ते फुगडीचं वर्ष तिले बायाइनं देल्लं," ती म्हणाली. आणि मग पदर तोंडावर घेऊन रडली. पोरगी गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मी समोर बसून राहिलो. मला उठून जाताही येईना.

पुढल्या वर्षी शालिकराम कायमचा खाणीच्या वसाहतीत राहायला गेला. रक्तातल्या दोषावरून घरात जे बोलणं व्हायचं ते त्याला सहन झालं नाही म्हणतात. वच्छलाबाई एकटी नागपूरला आली आणि मधूडॉक्टरांना म्हणाली, "मले काम द्या. बायाइले समजावून सांगाचं काम." डॉक्टरांनी तिला आरोग्यसेविका म्हणून घेतलं. तेव्हापासून ती जीपमध्ये माझ्या शेजारी बसून गावोगाव फिरली. मी चिडायचो, ती समजावायची. रक्त द्यायला नाही म्हणणारी माणसं ती पुढे झाली की बोट पुढे करायची. पुन्हा मूल मात्र तिला कधी झालं नाही.

१९८४ साली पुन्हा एक नवं औषध आलं. दुसरी प्रयोगशाळा, दुसरा तालुका, पद्धत तीच. या वेळी वच्छलाबाईनं डॉक्टरांना बजावलं, की आधी मी सांगणार, मगच बाटल्या वाटायच्या. प्रत्येक गावात बाया गोळा करायची आणि उभं राहून सांगायची: "अर्ध्या बाटल्या खाली हायेत. कोनत्या, ते मले माहीत नाई, डॉक्टरले माहीत नाई. तुमच्या लेकराले खाली बाटली आली तं ते वर्षभर दुखत राहीन, आन् मी पाहत राहीन. एकमेकीले देऊ नोका. अदलाबदल करू नोका. ज्याले पटत नसन त्यानं आत्ताच उठून जावं, राग नाई." पुष्कळ बाया उठून जायच्या. डॉक्टर चुळबुळ करायचे. ती म्हणायची, "जाऊ द्या साहेब. समजून बसल्या त्याच आपल्या."

आणि समजून बसलेल्यांवर ती पहारा द्यायची. गोळ्या मोजायची. एका घरच्या गोळ्या दुसऱ्या घरी सापडल्या, तर दोन्ही घरांची नावं काढून टाकायची, रडारड झाली तरी. लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणायचे. ते तिच्या कानावर यायचं. रात्री जेवायची नाही त्या दिवशी, एवढं मला ठाऊक आहे, कारण डबा तसाच जीपमध्ये राहायचा.

त्या हिवाळ्यात मनकर्णा नावाच्या एका बाईच्या घरी आम्ही गेलो. तिचा सात वर्षांचा मुलगा भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. चार महिन्यांत त्याला काही फरक नव्हता. शेजारच्या घरची पोरगी मात्र खेळत होती. मनकर्णा वच्छलाबाईच्या पायाशी बसली. म्हणाली, "शेजारीन देऊन राहिली ना वं, तिच्या बाटलीतल्या पंधरा गोळ्या. खुशीनं देऊन राहिली. तू फक्त मान फिरव. कोन्हाले समजन?"

वच्छलाबाईनं त्या मुलाच्या कपाळावर हात ठेवला. दवाखान्यात घेऊन चल, सलाईन लावू, दुखणं कमी करू, सगळं करू, ती म्हणाली. पण बाटली बदलायची नाही.

मनकर्णानं तिचा हात झटकला. "तुले लेकरू नाई ना, म्हनून! तुले एखादं लेकरू असतं, तं समजलं असतं."

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलं, सगळं सांगून टाकणार होतो. वच्छलाबाईनं माझ्या मनगटाला इतकं घट्ट धरलं, की मी गप्प झालो.

"हो वं बाई," ती मनकर्णाला म्हणाली. "नाई समजत मले." आणि मुलाला उचलून जीपकडे निघाली.